फडक्यावरचं वजन

१

पाणी गाळताना माझ्याशी कुणी बोललेलं मला खपत नाही. सासूबाईंनीसुद्धा नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा त्या मला पाणी गाळायला शिकवायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, सांगलीत सातवी फायनल पास झालेय मी, आणि पाणी तर त्याच्या आधीपासून गाळतेय." तेव्हापासून चूल त्यांची आणि पाणी माझं, अशी वाटणी झाली.

आम्ही जैन. विहिरीचं पाणी दुहेरी जाड फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, आणि सूर्य मावळला की थेंबसुद्धा घ्यायचा नाही. गाळून झालं की फडक्यावर जे बारीक जीव अडकतात, ते दिसोत न दिसोत, गाळलेल्याच पाण्यानं तांब्यात विसळून घ्यायचे. त्याला जिवाणी म्हणतात. जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत सोडायची. वरून भसकन ओतायची नाही. तांब्याच्या बुडाला कडी असते. गळ्याला एक दोरी आणि कडीला दुसरी बांधून तो अलगद खाली न्यायचा आणि पाण्याला टेकला की कडीची दोरी ओढून उपडा करायचा. परक्या पाण्यात ते जीव जगत नाहीत, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या परसातला आड आटला. तळाला वीतभर गढूळ पाणी राहिलं. मग नानासोंच्या पडीक मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणायचं ठरलं. नानासो कराडला राहायला गेले होते, मागं राखणीला हरिबा आणि त्याची बायको शालूबाई. विहीर जुनी, पायऱ्यांची. तिचं पाणी काळसर, पण कधी हटलं नव्हतं. आमचे हे सकाळी गाडीवर हंडे आणून द्यायचे, मी गाळायचे, आणि जिवाणीचा तांब्या संध्याकाळच्या खेपेबरोबर परत जायचा.

मला तेव्हा सातवा महिना होता. आधीचे दोन जीव सातव्यातच गेले होते. दोन्ही वेळा आधी पोटातली हालचाल थांबली, आणि मग व्हायचं ते झालं. ह्या वेळी मी उठताबसता पोटावर हात ठेवून असायचे. आणि पापडाचा दिवस उजाडला तेव्हा पोटात काही हललेलं नव्हतं, त्याला तिसरा दिवस होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय करणार होते?

२

पावसाळ्याआधी घरोघरी पापड होतात. आळीतल्या नऊ-दहा बायका आमच्याकडं जमल्या. उडदाचं पीठ तेलाचा हात लावून लावून कुटायचं, लाट्या पाडायच्या, आणि ऊन चढायच्या आत पापड वाळत पडले पाहिजेत. प्रभावती काकी मला चिडवायला टपलेल्याच असतात. म्हणाल्या, "राजमतीचा पापड बघा कसा चंद्रावानी. तोंडच तेवढं सूर्यावानी तापलेलं."

"तुम्ही लाटा, काकी. हात चालू दे, तोंड मागाहून," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. पोटात मात्र शांतच.

दुपारी आत्याबाई म्हणाल्या, "अगं, जिवाणीचा तांब्या कोनाड्यातच हाय. गाडी तर मिरजेला गेलीया."

"मग?"

"मग काय? जाऊन ये चालत. न्हाईतर ठेव उद्यापतोर. मरतील बिचारे."

अर्धा कोस जायचं, अर्धा कोस यायचं, वैशाखाचं ऊन. पाय सुजलेले. तांब्या घेऊन मी परसात आले खरी, पण जायचं जिवावर आलं. आडाशी थांबले. शेवटी पाणीच ना ते, असा विचार मनात आला. शिकलेल्या बाईला असे विचार लवकर सुचतात. दोरी बांधायचासुद्धा कंटाळा केला आणि तांब्या वरूनच आडात उपडा केला.

तांब्याभर पाणी. त्याचा आवाज यायला हवा होता सडा टाकल्यासारखा. आला तो भरलेली घागर सुटून पडल्यासारखा. धप्प. मग बराच वेळ खाली पाणी दगडावर आपटत राहिलं.

रिकाम्या आडात आवाज घुमतो, असं मी स्वतःला समजावलं आणि उरलेले पापड लाटायला जाऊन बसले.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी आडात चार हात पाणी होतं.

वैशाखात, पावसाचा टिपूस नसताना. ह्यांनी दोनदा दोरी सोडून पाहिली. आत्याबाईंनी हात जोडले, आळीतल्या बायका बघायला आल्या. झरा फुटला असेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. पाणी गार आणि इतकं गोड की पीतच राहावं. आता गाडीची खेप नको, चालणं नको. जिवाणीही घरच्याच आडात सोडायची.

त्या दिवशी दोन तांबे पाणी प्यायले आणि चुलीपुढं बसले होते, तोच पोटात ठसठशीत लाथ बसली. चौथ्या दिवशी! मी तिथंच रडले. आत्याबाईंनी विचारलं तर धूर गेला डोळ्यात, असं सांगितलं.

पण पापड वाळेनात. कडक ऊन, अंगणात उभं राहवत नव्हतं, आणि तीन दिवस झाले तरी पापड बोटाला ओलेच लागायचे. शेजारच्या घरी लाटलेले दुसऱ्या दिवशी खडखडीत झाले होते. बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं. सांडग्यांना वास यायला लागला. परसातल्या दोडक्याला मात्र एका रात्रीत हातहातभर दोडके धरले, आणि मांडवावर चढलेला वेल सगळा खाली उतरून आडाच्या काठाकडं निघाला. आत्याबाई म्हणाल्या, "वेलाला पाण्याचा वास येतो गं." बरोबर आहे, येत असेल.

आडाला पाणी आल्याच्या चौथ्या दिवशी मी पाणी गाळलं आणि फडकं हंड्यावर तसंच ठेवून निथळायला दिलं. पाणी निथळलं. फडकं वर यायला हवं होतं, ते मधोमध खाली ओढलेलंच राहिलं. त्याच्यावर काही नव्हतं. मी वाकून पाहिलं, उजेडात नेऊन पाहिलं. काही म्हणजे काही नाही. पण दोन्ही हातांनी उचलताना मनगटाला ओढ लागत होती.

तांब्या दोरीनं खाली सोडला, पाण्याला टेकला, उपडा केला. दोरी एकदम सैल पडली, हातातून कुणी ओझं काढून घ्यावं तशी.

४

मला भुताखेतांचं काही सांगू नका. माझे वडील मास्तर होते. आमच्या घरी वांझोट्या गप्पांना थारा नव्हता.

म्हणून मी तागडी काढली. एकाच ठाणातली दोन फडकी घेतली, लांबीरुंदी मोजून सारखी. दोन्ही भिजवली, एकातून पाणी गाळलं, दोन्ही सारखा वेळ निथळू दिली. मग एकेका पारड्यात एकेक घातलं. आडाच्या पाण्याचं पारडं खाली गेलं. दुसरीकडं नवटाक, म्हणजे शेराचा आठवा हिस्सा, टाकलं तेव्हा काटा सरळ झाला.

पारडी बदलून पाहिली. फडकी बदलून पाहिली. नवटाक.

दोन दिवसांनी पावशेर भरलं. आठव्या दिवशी अच्छेर, म्हणजे अर्धा शेर. रोज ते फडक्यात यायचं, रोज मी ते आडात सोडायचे, आणि रोज ते थोडं वाढून परत यायचं. मग मला भीती वाटायला लागली, सरळच सांगते. फडकं हातात धरलं की ते ओझं मधल्यामध्ये किंचित कूस बदलतं, असं एकदा वाटलं. वाटलं असेल.

काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. तांब्या उचलायचा, अर्धा कोस चालायचं आणि जिथलं तिथं सोडून यायचं. उद्या जाऊ, असं मी रोज म्हणायचे. गेले नाही ते पायांमुळं नाही, आत्याबाईंच्या धाकानंही नाही. त्या पाण्यावर माझं लेकरू पोटात हालत होतं. ते पाणी परत केलं आणि पुन्हा सगळं शांत झालं तर? दोनदा ती शांतता ऐकली होती मी. तिसऱ्यांदा ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

५

एका दुपारी शालूबाई आली. मागच्या दारी बसली. गुळाचा खडा दिला तो तिनं हातातच धरून ठेवला.

"वयनी," ती म्हणाली, "आमच्या हिरीतनं तुमी काय न्हेलंसा काय?"

मी तोऱ्यातच म्हटलं, "पाणी नेलं. नानासोंना विचारून नेलं."

"पान्याचं न्हाई म्हनत मी. पानी कुनी बी न्ह्यावं." तिनं आवाज खाली आणला. "अकरा वर्सं झाली आमास्नी तितं ऱ्हाऊन. रोज दुपारी समदं सामसूम झालं की हिरीत आवाज व्हायाचा. कुनीतरी निजल्या जागी कूस बदलल्यागत. पैल्यांदा लय भ्याले मी. मग सवय झाली. मला पोर न बाळ. त्यो आवाज झाला की वाटायचं, हाय कुनीतरी. आता पंधरा दिस झालं, त्यो आवाजच न्हाई. मला करमत न्हाई वयनी."

"मग मी काय करू?"

"तुमच्यात रीत हाय न्हवं, जितलं तितं सोडायची? मी बगितलंय तुमच्या धन्यास्नी तांब्या घिऊन येताना. एकदा आला न्हाई त्यो तांब्या. कवा ते मला ठावं हाय." ती माझ्या पोटाकडं बघत होती, तोंडाकडं नाही. "आनून द्या. हात जोडते."

तिचे डोळे भरून आले होते. मला तिचा राग आला आणि दयाही आली. उद्या सकाळी आणून देते, असं मी कबूल केलं. ह्या वेळी खरंच मनाशी ठरवलं होतं.

६

तिच्याशी बोलण्यात दिवस कलला. आमची जेवणं दिवसाउजेडी उरकतात. वाढणं, आवरणं ह्यात मी दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. हात पुसून हंड्याशी गेले तर हंडा कोरडा. सकाळी भीतीपोटी मी एकच पोहरा गाळला होता, तो सगळ्यांना पुरून संपला होता.

पश्चिमेला सूर्य शेताच्या कडेला टेकलेला. पाच मिनिटं होती हातात, फार तर. नाहीतर उद्या सकाळपर्यंत पाणी नाही. पोटुशी बाई, वैशाखाची रात्र, घशाला कोरड पडलेली. आडातून पोहरा काढला. फडकं खुंटीवर होतं. हात पुढं केला आणि थांबला. ते ओझं आता शेराला टेकलं असेल. संधिप्रकाशात ते हातात घ्यायचं, निथळायची वाट बघायची, मग ते आतल्या आत हललं तर...

आत्याबाई आतून ओरडल्या, "राजमती, प्यायलीस का पाणी? दिवस बुडाला बघ."

"प्यायले," मी म्हटलं. आणि जन्मात पहिल्यांदा, न गाळता, पोहऱ्याला तोंड लावून गटागटा प्यायले.

गार होतं. शेवटचा घोट जरा जड गेला.

७

सकाळी मी लवकर उठले. पाणी गाळलं, जिवाणी न्यायला घासूनपुसून तांब्या तयार ठेवला. फडकं निथळलं आणि सरळ झालं. हंड्याच्या तोंडावर ताठ, मधे झोळ नाही. उचललं तर ओल्या कापडाइतकंच वजन. तागडीत घातलं, काटा मधोमध उभा राहिला.

पुन्हा पोहरा काढला, पुन्हा गाळलं. असं सात वेळा केलं. काही नाही.

अगं बाई, म्हणजे गेलं कुठं? फडकं उन्हात धरून भोक शोधलं. भोक नव्हतं. आणि मग मला काल संध्याकाळची आठवण झाली, आणि माझा हात पोटावर गेला.

त्याच वेळी पोटातला जीव हलला. रोजच्यासारखी लाथ नव्हती ती. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर सावकाश वळला आणि स्थिर झाला.

त्या दिवशी पापड वाळले. दुपारपर्यंत खडखडीत.

मी शालूबाईकडं गेले नाही. नेऊन काय देणार होते?

८

श्रावणात मुलगी झाली. सुईण म्हणाली, "लय जड हाय गं पोर. दोन हातानं उचलवंना." दिसायला गोरीगोमटी, डोळे मोठे. रडली नाही. चापट मारली, पाय धरून उलटी केली, तरी नाही. श्वास चांगला होता. आत्याबाईंनी गावात साखर वाटली. माझा जीव भांड्यात पडला. सोनाक्का नाव ठेवलं.

पोरगी कधीच रडली नाही आणि कधी हसलीही नाही. दुपट्यावर ठेवली की दुपटं ओलं व्हायचं, लघवीनं नव्हे, सगळीकडून सारखं. मी रात्रंदिवस शेगडीवर दुपटी वाळवत होते आणि कुणाला कळू देत नव्हते.

सव्वा महिन्यानं सुईण यायची थांबली. पोरीला पहिल्यांदा मी स्वतः न्हाऊ घातलं. पायावर घेतली, अंगाला तेल चोळलं, बाजूला कोमट पाण्याचं घंगाळ. तेलाचे हात. ती सुटली आणि घंगाळात गेली.

बुडाशी उताणी पडली. डोळे उघडे होते. नाकातोंडातून एक बुडबुडा आला नाही. हातपाय झाडले नाहीत. माझ्याकडं बघत होती, आणि बघता बघता हसली. तोंडभर, ओळख पटल्यासारखी. तिचं पहिलं हसू.

लगेच उचललं, असं मी कुणालाही सांगितलं असतं. नाही उचललं लगेच. माझं लेकरू हसत होतं. मी बघत राहिले. बाहेर काढली तेव्हा ते हसू गेलं.

तिला पदरात गुंडाळून बसले होते, तोवर मागच्या दारात शालूबाई उभी. बाळाला टोपरं घेऊन आली होती. "वयनी, बघू द्या की पोरीला," एवढंच ती म्हणाली.

तिचा आवाज आला तशी पोरगी माझ्या मांडीवर सावकाश त्या बाजूला वळली, आणि तिनं आवाज काढला. कसा ते मला सांगता येत नाही. रडणं नव्हे, हुंकार नव्हे.

शालूबाईच्या हातातलं टोपरं खाली पडलं. तिनं दाराची चौकट धरली.

"हीच," ती म्हणाली. मग हात पुढं केले. ओरबाडायला नव्हे, देवापुढं करतात तसे. "माज्याकडं द्या. मी न्हेती. तुमी फकस्त द्या. तुमास्नी पाप न्हाई लागायचं. कदी तरी सोडाया लागंलच, वयनी, मोटी व्हायच्या आदी सोडा."

आमच्या धर्मात मुंगीचा जीवसुद्धा जिथला तिथं राहू द्यायचा. हे मी तिच्याहून चांगलं जाणते. जन्मभर पाळलंय.

"माझी हाय ती," मी म्हटलं. तिच्याच बोलीत कसं निघालं तोंडातून कोण जाणे. "माझ्या पोटातनं आलीया." आणि तिच्या तोंडावर दार लावलं. दारापलीकडं ती बराच वेळ उभी होती. मला तिचं रडणं ऐकू येत होतं, आणि पदरातली पोरगी कान देऊन ऐकत होती.

९

ह्या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. आडाला पाणी आहे, लोणची-पापड टिकतात, आत्याबाई नातीला डोळ्याआड होऊ देत नाहीत. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. पाणी मी अजून गाळते, तिहेरी फडक्यातून. कशासाठी ते विचारू नका.

परवा पोरगी चालायला लागली. घराच्या पुढच्या सोप्यात सगळे होते. आत्याबाई समोर हात पसरून बसलेल्या, "ये माझी बाय, ये, ये." हे टाळ्या वाजवत होते. ती भिंतीला धरून उठली, आत्याबाईंकडं पाठ फिरवली, आणि एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरातून परसात गेली. आडाकडं पाहिलंसुद्धा नाही. आडाला वळसा घालून ती मागच्या फाटकाशी गेली, जिथून नानासोंच्या मळ्याची पायवाट सुरू होते, आणि फाटकाच्या फळीवर हात ठेवून उभी राहिली.

सगळे हसले. "फिरस्ती हुनार गं पोर," आत्याबाई म्हणाल्या. मी धावत जाऊन तिला उचललं. हातातून निसटेल इतकी जड होती.

संध्याकाळी ह्यांना सांगून मी फाटकाला वर कडी ठोकून घेतली. पोरीला शेजारी उभी करून उंची मोजली आणि खुणेची रेघ ओढली. कडीला हात पोचायला तिला अजून पाच वर्षं तरी लागतील. तोवर ती माझी आहे.